शेजारच्या काकांचा वाद्यवृंद

मी अमेरिकेत गेले तेव्हा छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे तशी लहानच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळलंय. मला तर नुसतं वाटत नव्हतं, मी ते लोकांना सांगतही असे. खानदेशातल्या एका रेडिओ केंद्रावर मी पंचवीस वर्षं निवेदिका होते. 'आता ऐका' असं मी म्हटल्याशिवाय खानदेशात कुणी काही ऐकत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत. भाजी घ्यायला गेले तरी मी जरा खर्जात, शब्द सुटे करून विचारायची, "मेथी... कशी दिली?" कुणीतरी चमकून वळून बघावं, एवढीच माफक अपेक्षा. इतक्या वर्षांत एकदाच एक भाजीवाली म्हणाली, "ताई, तुमचा आवाज लई ओळखीचा वाटतो." मी पदर सावरला. ती म्हणाली, "तुम्ही एसटी स्टँडवर गाड्या पुकारता ना?"

ही गोष्ट आमच्या ह्यांना सांगायला नको होती. पुढे मी कुठेही निघाले की हे विचारत, "फलाट क्रमांक किती?"

मुलगा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला विद्यापीठात शिकवायचा. नात झाली, सूनबाईची नोकरी होती, म्हणून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि २००१ साली आम्ही दोघं तिकडे गेलो. मधे विद्यापीठ, त्याच्याभोवती गाव आणि गावाभोवती डोंगर. देशी किराण्याचं दुकान एकच, त्यात ताजी कढीपत्त्याची जुडी आली की विद्यार्थ्यांमध्ये बातमी पसरायची. पुण्या-नागपूरची ही पोरं एकेका अपार्टमेंटमध्ये दाटीवाटीने राहायची आणि शनिवारी आमच्याकडे पोहे खायला यायची. त्यांची मी मावशी. पण मावशीचा आवाज ऐकून एकही पोरगा चमकला नाही. "मावशी, तुम्ही आरजे होता? कूल यार," असं एकजण म्हणाला. पंचवीस वर्षांच्या सेवेचा असा सत्कार झाल्यावर मी गप्प बसून पोळ्या लाटायला लागले.

आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागलेली. मागच्या अंगणांमध्ये कंबरेएवढं कुंपण. नात बोलायला लागली त्या उन्हाळ्यापासून पलीकडच्या अंगणात एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसायचे आणि बारीक चाकूने बोटाएवढी काडी तासायचे. रोज. मी आठवडाभर निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला की हा कुणी स्वाभिमानी मनुष्य आहे, दुकानातला ब्रश वापरत नाही, स्वतःचं दातवण स्वतः करतो. नातीला कडेवर घेऊन कुंपणापाशी गेले आणि दातांवर बोट फिरवून कौतुकाने मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काडी ओठांत धरली आणि फुंकली. बदकासारखा आवाज आला.

"आजी, डक," नात म्हणाली. तिचा जन्म तिथला. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

म्हातारबाबा आत जाऊन एक काळं वाद्य घेऊन आले. ती काडी त्याच्या तोंडाशी बसवली आणि चार ओळी वाजवल्या. मी म्हणाले, "ही तर सनई." आणि आपली विद्वत्ता दाखवायला पुढे जोडलं, "आमच्याकडे हे लग्नात वाजवतात."

"आमच्याकडे हे सगळ्यांना सुरात आणायला वाजवतात," ते म्हणाले. "ओबो सूर देतो, मग बाकीचे आपापली वाद्यं लावतात. आयुष्यभर मी ऑर्केस्ट्रात तेच केलं."

ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा आला. चमचमता कोट घातलेला गायक आणि पुढच्या रांगेत नाचणारी पोरं. एवढा गंभीर माणूस त्यात काय करत असेल, या विचाराने मला वाईटच वाटलं. मग ते म्हणाले, "जर्मनीत. रेडिओचा ऑर्केस्ट्रा."

रेडिओ हा शब्द ऐकला आणि मी नातीला खाली ठेवली.

"मीही रेडिओची," मी म्हणाले. "निवेदिका. लाल दिवा लागला की मी."

ते खुर्चीतून उठले, कुंपणापाशी आले आणि हात पुढे केला. "फ्राउ कोलेगिन," ते म्हणाले. म्हणजे सहकारी बाईसाहेब. अमेरिकेत आल्यापासून मला माझ्या हुद्द्याने हाक मारणारा हा पहिला माणूस. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला फ्राउ कोलेगिन. आमचे हे त्याला 'तुझं ऑफिस' म्हणायचे. "जा, ऑफिसची वेळ झाली," असं म्हणून चहाचे कप माझ्या हातात द्यायचे.

काकांची मुलगी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायची, पत्नी गेल्यावर ती त्यांना आपल्याकडे घेऊन आली होती. ती मला पहिल्या दिवसापासून नुसत्या नावाने हाक मारायची, अमेरिकन पद्धतीने. वयाने मोठी, रेडिओची निवेदिका, आणि नुसतं नाव. मी तो अपमान चहाबरोबर गिळत असे.

काका आणि मी इंग्रजीतच बोलायचो. त्यांचं जर्मनमधून निघालेलं, माझं खानदेशातून. शुक्रवारच्या बाजारात आजूबाजूचे, जुन्या पद्धतीने राहणारे आमिश पंथाचे शेतकरी भाजी आणायचे, तिथे भरताला शोभतील अशी वांगी मिळत. हे लोक घरी जुनी जर्मन बोलतात असं कळल्यावर काका त्यांच्याशी बोलायला गेले. परत आले ते हसतच. म्हणाले, "मी वांग्याचा भाव विचारला, त्याने माझ्या पणजोबांच्या भाषेत सांगितला." मी म्हणाले, म्हणजे आमच्याकडे कुणी पेशव्यांच्या काळातलं मराठी बोलावं तसं. मग पेशवे कोण, हे सांगण्यात तो शुक्रवार गेला.

अशा शुक्रवारांतून काकांच्या वाद्यवृंदाचा इतिहास मला कळत गेला, आणि त्याचा मला अभिमान वाटायला लागला. माझा त्याच्याशी काय संबंध, असं हे विचारत. मी म्हणे, "एकाच खात्यातले आहोत."

काका त्या वाद्यवृंदात शिरले ते महायुद्धानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. शहर अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आणि रेडिओही. त्यांच्या एका अधिकाऱ्याच्या मनात आलं की दिवसभर बातम्या आणि रेशनच्या सूचना देऊन चालायचं नाही, माणसांना संगीतही हवं. शहरातले वादक जमवले. कुणी लढाईतून परतलेले, कुणी ज्यांना वाजवायला बंदी होती असे. सभागृह पडलं होतं, म्हणून बिअरच्या एका गुत्त्यामागचा नाचाचा हॉल घेतला. खिडक्यांना काचा नव्हत्या, फळ्या ठोकलेल्या. डबल बेस नावाचं माणसाहून उंच तंतुवाद्य एका वादकाने लहान मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर बांधून ओढत आणलं. काका तेव्हा अठरा वर्षांचे. हातमोज्यांची बोटं कापून वाजवायचे. ओबोच्या पत्तीसाठी, म्हणजे ते तासायचे त्या काडीसाठी, बोरू लागतो, तो फ्रान्सच्या दक्षिणेकडून यायचा आणि सरहद्दी बंद. अख्खा हिवाळा त्यांनी एका पत्तीवर काढला. "रात्री ती मी काखेत घेऊन झोपायचो," ते म्हणाले. "गोठली असती तर तडकली असती. आणि ती तडकली असती तर ऑर्केस्ट्राला सूर कुणी दिला असता?"

"पगार?" मी विचारलं. सरकारी नोकरीतल्या माणसाला पहिला प्रश्न हाच सुचतो.

"आधी सूप. पुढे पगार, पेन्शन, सगळं. ज्याच्या घरी रेडिओ, त्याने फी भरायची. त्यातून आम्ही."

"आमच्याकडेही लायसन्स होतं," मी म्हणाले. "दरवर्षी पोस्टात भरायचं."

"म्हणजे तुम्हालाही शेतकऱ्यांनी पोसलं?"

"हो. आणि मी त्यांना खतांचे भाव वाचून दाखवले."

"आम्ही आधुनिक संगीत वाजवलं," काका म्हणाले. "तुमच्याबद्दल त्यांची तक्रार कमी असेल."

यावर त्यांना फार हसू यायचं. साध्या वाद्यवृंदाला तिकिटं खपवावी लागतात. रेडिओच्या वाद्यवृंदाला ती काळजी नाही, म्हणून नवीन संगीतकारांचं कुणी न वाजवलेलं, कुणाला न कळलेलं संगीत यांच्याकडे यायचं. नाझी राजवटीच्या बारा वर्षांत ज्यांची नावं घेता येत नव्हती, अशांच्या रचना त्यांनी पुन्हा वाजवल्या, तो तर त्यांचा मोठाच अभिमान. पण नव्यांमध्ये काही वल्ली असत. एकाने काकांना ओबोतून एकाच वेळी दोन सूर काढायला लावले. काढले त्यांनी. प्रक्षेपण संपताच एका शेतकऱ्याचा फोन आला, माझा रेडिओ बिघडला का तुमचा ओबोवाला? "कितीतरी रचना जगात सर्वांत आधी आम्ही वाजवल्या," काका म्हणायचे, "आणि काही सर्वांत शेवटीही आम्हीच."

श्रोता मात्र कधी दिसायचा नाही. स्टुडिओ बंद, लाल दिवा, मायक्रोफोन. शेवटचा सूर विरला तरी दिवा विझेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी पंचवीस वर्षं भिंतीशी बोलले आणि ती भिंत म्हणजे खानदेश असं समजत आले.

२००६ सालच्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. जर्मनीतल्या रेडिओच्या साहेबलोकांनी खर्च वाचवायला दोन वाद्यवृंद एकत्र करायचं ठरवलं. दोन शाखांची एक शाखा करतात, तसं. काकांच्या वाद्यवृंदाचं नाव पुढच्या वर्षापासून राहणार नव्हतं. जुन्या नावाने त्यांचा अमेरिकेचा एक दौरा बाकी होता आणि वसंतात ते आमच्याच विद्यापीठाच्या सभागृहात वाजवणार होते. तिथे मैफिलीआधी लवकर येणाऱ्यांना त्या वाद्यवृंदाविषयी कुणीतरी माहिती सांगायची पद्धत होती. पहिल्या हिवाळ्यातला एक वादक गावातच राहतो असं कळल्यावर त्यांनी काकांनाच बोलावलं. काकांनी नवा टाय आणला.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे काकांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, शब्द अडकायला लागले. जर्मनमध्ये कमी, इंग्रजीत जास्त. 'कप' म्हणायचं असलं की हात कपाचा आकार करी आणि शब्द यायचा नाही. मग ते भिंतीकडे बघत बसायचे.

मुलगी माझ्याकडे आली. मला नावाने हाक मारून म्हणाली, "तू त्यांना सांग. तुझं ऐकतील. संगीत विभागातला एक प्राध्यापक बोलायला तयार आहे. बाबा लोकांसमोर अडकले तर मला बघवणार नाही. त्यांना तर सहनच होणार नाही."

मी सांगितलं. काका बराच वेळ शब्द गोळा करत राहिले. मग म्हणाले, "प्राध्यापकाला तारखा माहीत. थंडी माहीत नाही." आणि थोड्या वेळाने, "त्या हॉलमधले बाकी सगळे गेले. मी एकटा. नाव पण चाललंय. मी नाही सांगितलं तर झालंच नाही ते."

मी मुलीला म्हणाले, "ते बोलतील. मी तयारी करून घेते." वर छाती पुढे काढून, "हे माझं क्षेत्र आहे."

आता त्या बाईचं काय सांगू. तिची मला आज कीव येते. बासष्टीला आलेली, स्वतःवर खूश. तिने काकांना ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली, कोमट पाणी पाजलं, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. इथपर्यंत बरं होतं. काका रोज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून बोलायचे, आणि खरोखर शब्द सुटायला लागले. पण निवेदिकेला साधं वाक्य सहन होत नाही. काकांची वाक्यं म्हणजे 'थंडी होती', 'आम्ही वाजवलं', 'दार उघडलं'. मी प्रत्येक वाक्याला शालू नेसवला, नथ घातली. त्यांच्या शेवटच्या प्रसंगात दाराबाहेर नुसती 'माणसं येऊन गेली' होती. मी शब्दकोश उघडून त्या माणसांच्या जागी 'मल्टिट्यूड्स' घातलं, म्हणजे अफाट जनसागर.

"म-ल-टि," काका म्हणायचे.

"ट्यूड्स," मी म्हणायची. "ओठ पुढे काढा काका. श्रोत्याला ओठ ऐकू येतात."

हे सोफ्यावरून सगळं बघत होते. एके दिवशी म्हणाले, "अगं, तो जर्मन मनुष्य खानदेशी इंग्रजी बोलायला लागलाय. परवा मला म्हणाला 'व्हेरी कोल्ड आहे'. त्याला आहे तसा राहू दे की."

"तुम्हाला उच्चारातलं काय कळतं?" मी म्हणाले.

"उच्चारातलं नाही कळत. तो दमलेला कळतो."

मी लक्ष दिलं नाही. मल्टिट्यूड्स तसंच ठेवलं.

मैफिलीच्या संध्याकाळी सभागृहाच्या वरच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या भरल्या. मी पैठणी नेसले होते, जणू भाषण माझंच. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला काकांची मुलगी. तिने माझा दंड धरला होता. काका माइकपाशी उभे राहिले तेव्हा मागच्या दारातून काळ्या पोशाखातले काही वादक हळूच आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्याच वाद्यवृंदातले, आताचे. काकांनी त्यांना पाहिलं आणि टाय नीट केला.

"गुड इव्हनिंग," ते म्हणाले. "मी एक जुना ओबो आहे."

लोक हसले. मुलीची पकड जरा सैल झाली. काका सावकाश बोलत होते, श्वास बरोबर घेत होते. गुत्ता झाला, फळ्या ठोकलेल्या खिडक्या झाल्या. घसरगाडीवर बांधलेला डबल बेस आला तेव्हा भिंतीपाशी उभे असलेले वादक एकमेकांकडे बघून हसले. काखेतली पत्ती झाली. मग पहिल्या प्रक्षेपणाची संध्याकाळ आली.

"संपलं," काका म्हणाले. "लाल दिवा विझला. आम्ही बसून राहिलो. कुणी ऐकलं का? माहीत नाही. शहरात रेडिओ किती उरले होते? माहीत नाही. मग मी दार उघडलं. आणि बाहेर..."

इथे मल्टिट्यूड्स होतं.

काकांचे ओठ पुढे आले, मी शिकवले होते तसे. शब्द आला नाही. त्यांनी श्वास घेतला. आला नाही. हात हवेत काहीतरी दाखवायला लागला आणि तिथेच राहिला. दालनात कुणी हललं नाही. मुलीची नखं माझ्या दंडात रुतली.

ज्यांनी रेडिओवर नोकरी केलेली नाही त्यांना शांततेची भीती कळायची नाही. तबकडी अडकली, टेप तुटली, बाहेरची लाइन गेली आणि प्रक्षेपणात आवाज थांबला की निवेदकाचा हात आधी फेडरकडे जातो, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या कळीकडे. ड्यूटी ऑफिसर धावत यायच्या आत आपण बोलायचं. काय बोलायचं ते ठरलेलं. ते डोक्यातून येत नाही, हाताबरोबर येतं. माझा उजवा हात मांडीवरच्या पैठणीत फेडरची कळ शोधायला लागला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्या दालनात मी स्पष्ट, सुट्या, खर्जातल्या मराठीत म्हणाले:

"तांत्रिक कारणामुळे आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कार्यक्रम थोड्याच वेळात पुढे सुरू होईल."

सगळ्या माना वळल्या. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं, माझा आवाज ऐकून लोक चमकले. हे छताकडे बघत होते.

काकांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या मराठीतला एक शब्द त्यांना कळला नव्हता, पण ती चाल कळली. जगातला प्रत्येक रेडिओ हे वाक्य त्याच चालीत म्हणत असावा. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"माझ्या सहकारी बाईसाहेब," ते माइकमध्ये म्हणाले, "भारतातल्या रेडिओच्या आहेत. त्या म्हणतात, प्लीज स्टँड बाय."

दालन हसलं. काकांनी हवेतला हात खाली घेतला. मग त्यांनी मी करून घेतलेली सगळी तयारी बाजूला ठेवली आणि सरळ जर्मनमध्ये बोलायला लागले.

एकच वाक्य बोलून ते थांबले. आता पुढे काय, असं मला होतंय तोच मागून एका बाईचा आवाज आला. तिशीतली असेल. भिंत सोडून ती एक पाऊल पुढे आली होती. तिने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, "बाहेर बर्फ टेबलासारखा सपाट होता."

काकांनी मान हलवली आणि पुढचं वाक्य बोलले. तिने तेही सांगितलं. असं एकामागून एक. "बाकी रस्त्यावर गुडघाभर बर्फ. आमच्या भिंतीला लागून मात्र सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खिडक्यांखाली तर दगडासारखा घट्ट." "त्यांच्या घरी रेडिओ नव्हते. कुणीतरी सांगितलं असेल की गुत्त्यामागे संगीत आहे. ते फळ्यांना कान लावून उभे राहिले असणार, पाय गारठू नयेत म्हणून जागच्या जागी हलत." "संचारबंदीची वेळ होत आली होती, म्हणून शेवटचा सूर होताच ते निघून गेले. मला एकही माणूस दिसला नाही."

मग काका आणखी एक वाक्य बोलले, छोटंसं. आणि तिने ते सांगितलं नाही.

मी वळून पाहिलं. ती काकांकडे बघत होती, भाषांतर करायचं आहे हेच विसरून. तिच्या शेजारी उभे असलेले वादकही तसेच. हे सगळं ते पहिल्यांदाच ऐकत होते, आपल्याच घरातलं. दालनात पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. ह्यांनी खबरदारी म्हणून माझ्या मनगटावर हात ठेवला. पण मी बोलणार नव्हते. तेवढं मलाही कळलं.

शेवटी ती सावरली आणि म्हणाली, "ते म्हणतात, श्रोते मी पाहिले नाहीत. श्रोत्यांची जागा पाहिली."

काकांनी चष्मा काढून पुसला. नंतरचं ते स्वतःच इंग्रजीत बोलले, एकाही ठिकाणी न अडकता. "नाव ऑफिसवाल्यांचं असतं. ते बदलू देत. हे आमचं आहे."

मुलीने माझा दंड सोडला. वळ दुसऱ्या दिवशीही होते. तिने माझ्या कानाशी येऊन थँक यू म्हटलं आणि यावेळी नावापुढे 'मावशी' जोडलं. आमच्याकडे शनिवारी येणाऱ्या पोरांचं ऐकून शिकली असणार.

मैफिलीत मला तिसऱ्या रांगेत जागा होती. रंगमंचावर सगळे बसले, कुजबुज थांबली, आणि भाषांतर करणाऱ्या त्याच बाईने ओबो ओठांना लावून सूर दिला. म्हणजे काकांची खुर्ची आता तिची होती. त्या सुरावर व्हायोलिनं लागली, मग चेलो, मग मागची पितळी वाद्यं. पुढे त्यांनी काय वाजवलं ते मला निम्मं कळलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मान मात्र मी अशी ताठ ठेवली होती, की शेजारची अमेरिकन बाई मला विचारती झाली, "तुमचं कुणी आहे का यांच्यात?" मी म्हणाले, "आमच्याच खात्यातले आहेत."

संपल्यावर आम्ही रंगमंचामागे गेलो. वादक वाद्यं पेटीत ठेवत होते आणि जाता जाता काकांशी हात मिळवत होते. ओबोवाली आली ती हात मिळवून गेली नाही. तिने एक खुर्ची ओढली, काकांना बसवलं, स्वतः समोर वाद्याच्या पेटीवर बसली आणि प्रश्न विचारायला लागली. दार कोणत्या बाजूला? फळ्या आडव्या का उभ्या? पत्ती कोणत्या काखेत? काका सांगत होते. काकांची मुलगी माझ्यासाठी हळू आवाजात भाषांतर करत होती.

मग ती बाई थांबली, तिने डोळे मिटले आणि ती सगळी गोष्ट तिने काकांना पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली. पाठ म्हणून दाखवावा तशी. पुढच्या वर्षी नव्या वाद्यवृंदातल्या अनोळखी लोकांना ती सांगायची होती, आणि त्यात चूक राहायला नको होती.

काकांनी तिला मधेच थांबवलं आणि जर्मनमध्ये भराभरा काहीतरी बोलले, बोट नाचवत.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, हातगाडी नव्हे, घसरगाडी," मुलगी म्हणाली. "चाकं असती तर बर्फात अडकली असती, एवढं कळत नाही का."

ओबोवाली 'बरं' म्हणाली आणि पुन्हा गुत्त्याच्या दारापासून सुरू झाली.